मसाची हजेरी

सलूनमध्ये किस्से फार साठतात, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. खुर्चीवर बसलेल्या माणसाला बोलता येत नाही. गळ्याशी वस्तरा असताना तोंड कोण उघडणार? मग बेंचवरचे लोक त्याचेच किस्से त्याच्यासमोर सांगतात, आणि तो बिचारा आरशातून नुसता डोळे वटारत राहतो. तो उठून "असं झालंच नव्हतं" म्हणेपर्यंत किस्सा पक्का झालेला असतो. चामोर्शीत बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर वासुदेवभाऊंचं एका खुर्चीचं सलून आहे. तिथे मी वीस-बावीस वर्षं दोन्हीकडे बसत आलोय. बेंचवर असलो की वकील, खुर्चीवर असलो की आरोपी!

त्यातही ज्यांच्या चेहऱ्यावर मस आहेत, त्यांचे किस्से जास्त. तिळाचं बरं असतं. तो कातडीतच निजलेला, वस्तरा वरून गेला तरी त्याला पत्ता नसतो. मस मात्र उठून बसलेला असतो. त्याला जरा धक्का लागला की रक्त थांबता थांबत नाही. माझ्या चेहऱ्यावर असे तीन आहेत. एक वरच्या ओठाच्या कडेला, एक हनुवटीवर, एक डाव्या जबड्याखाली. मी लाइनमन. खांबावर चढून तारेशेजारी काम करताना माझा हात आजवर हललेला नाही, पण घरी आरशासमोर दाढीला बसलो की मसापाशी येऊन अडतो. म्हणून वासुदेवभाऊ.

* * *

वासुदेवभाऊंची एक पद्धत आहे. फेस लावण्याआधी ते डाव्या हाताचं बोट चेहऱ्यावरून फिरवतात आणि एकेका मसावर टेकवून मोजतात. "एक, दोन, तीन. हजर." मगच ब्रश हातात घेतात. एकदा फेस लागला की सगळा चेहरा सारखाच पांढरा, त्यामुळे हजेरी आधीच झालेली बरी, असं त्यांचं म्हणणं.

मी नवा होतो तेव्हा विचारलं होतं की एवढं सांभाळून जाणं जमतं कसं. वासुदेवभाऊंच्या घरी धानाची शेती, त्यामुळे उत्तरही शेतातलंच आलं. "बांधीत मोहाचं झाड असलं त कोनी तोडते का? नांगर भोवतालून नेते. बुडाजवळचं तेवढं हातानं काढते." आणि ते करतातही तसंच. वस्तरा मसापर्यंत येतो, थांबतो, मग अंगठ्यानं कातडी ताणून पलीकडून पुन्हा सुरू होतो. मसावर केस असला तर त्याला छोटी कात्री.

दुसरी पद्धत डब्यांची. दर दाढीला नवीन ब्लेड लावायचे हलके वस्तरे आले, तसे त्यांनीही घेतले. येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच वापरतात. मसवाल्यांना मात्र नाही. त्या वस्तऱ्याला वजन नाही, हातात आहे की नाही तेच समजत नाही, अशी त्यांची तक्रार. म्हणून आम्हा सात-आठ जणांचे जुन्या घडणीचे, ज्याचे त्याचे वस्तरे आहेत. आरशावरच्या फळीवर साबणाच्या डब्यांत ते ठेवलेले असतात, झाकणावर नाव. दाढी झाली की वस्तरा उकळत्या पाण्यात, तिथून चामड्याच्या पट्ट्यावर, आणि पट्ट्यावरून डबीत.

आमच्यातला कोणी वारला, की तेरवी झाल्यावर वासुदेवभाऊ ती डबी घेऊन त्याच्या घरी जातात. घरच्यांच्या हातात देतात आणि चहासुद्धा न घेता परत येतात. माझ्यासमोर अशा तीन डब्या गेल्या. त्या दिवशी सलूनमध्ये कोणी किस्से सांगत नाही.

* * *

आता प्रफुल्लचा ऐका. हा किस्सा तो खुर्चीवर असतानाच सांगायचा असतो, असा बेंचचा नियम आहे.

प्रफुल्ल आमच्याच गल्लीतला. हनुवटीच्या मधोमध वाटाण्याएवढा मस. लग्न जमवायचं म्हणून फोटो काढला, तर गडचिरोलीच्या स्टुडिओवाल्यानं हौसेनं कॉम्प्युटरवर तो मस साफ करून टाकला. फोटो आरमोरीला गेला, मुलीला पसंत पडला. पाहण्याच्या दिवशी नेमका मास्क लावायचा काळ होता, तोंडावर पट्टी बांधूनच चहापोहे झाले. मास्क खाली करून त्यानं पोहे कसे खाल्ले म्हणाल, तर खाल्लेच नाहीत. पोटात दुखतं म्हणाला!

लग्नाच्या सकाळी हा रडकुंडीला येऊन वासुदेवभाऊंसमोर बसला. त्याचं एकच म्हणणं, मस उडवून टाका, नाहीतर नवरीकडचे म्हणतील की मुलगा बदलला. वासुदेवभाऊंनी बोट टेकवून हजेरी घेतली आणि फेस करायला लागले. "मी दाढी काढतो, बाबू. माणसाचा चेहरा काढून देत नाई."

मांडवात अंतरपाट दूर झाला. प्रफुल्लनं खाली घातलेली मान भीत भीत वर केली. नवरीच्या डाव्या गालावर, नाकाच्या शेजारी, चांगला हरभऱ्याएवढा मस होता. तिचा फोटोही त्याच स्टुडिओतला!

* * *

नामदेवभाऊंचं उलटं झालं. ते वनरक्षक म्हणून निवृत्त झालेले. उजव्या गालावर मोठा मस, तोही कागदोपत्री. पेन्शनच्या पुस्तकात ओळखीची खूण म्हणून त्याची नोंद होती. बायकोला मात्र तो कधीच आवडला नाही. घोड्याच्या शेपटीचा केस बांधला की मस गळून पडतो, असं तिला कोणीतरी सांगितलं. चामोर्शीत घोडा कुठून आणायचा? एका वरातीतल्या घोडीमागे ही माउली हात लांब करून कोसभर चालली आणि केस घेऊनच घरी आली. पंधरा दिवसांत मस गळाला. बाई खूश.

नोव्हेंबरात नामदेवभाऊ हयातीचा दाखला द्यायला गेले. काउंटरवरचा पोरगा नवा होता आणि नव्या माणसासारखाच कडक. त्यानं पुस्तक वाचलं, चेहरा पाहिला, पुन्हा पुस्तक वाचलं. इथे लिहिलेला मस दिसत नाही, म्हणाला. नामदेवभाऊंनी घोडीची हकिकत सांगितली, त्यामुळे प्रकरण आणखीच बिघडलं. त्यांचं मशीनवर बोटही उमटेना. जंगलात आयुष्य गेलेल्या माणसाच्या बोटांवर रेषा कुठून राहणार?

शेवटी ते साक्षीदार म्हणून वासुदेवभाऊंना घेऊन गेले. वासुदेवभाऊंनी काउंटरसमोर नामदेवभाऊंचा चेहरा उजेडाकडे वळवला, डोळे मिटले आणि गालावर बोट टेकवलं. "इथी होता. अठरा वर्षं मी याच्या भोवतालून गेलो." त्या पोरानं खिडकीतून वाकून पाहिलं. बोटाखाली जराशी फिकट, गोल खूण होती. पोरगा दाखल्यावर शिक्का मारून मोकळा झाला. नामदेवभाऊ तेव्हापासून सांगतात की आपण जिवंत असल्याचं सरकारला न्हाव्यानं पटवून दिलं. आजही त्यांच्या हजेरीला वासुदेवभाऊ त्या मोकळ्या जागेवर बोट टेकवतात आणि म्हणतात, "एक. रजेवर."

* * *

पुढचा किस्सा हसण्याचा नाही, पण तो सांगितल्याशिवाय बाकीचं कळायचं नाही.

एका बाजाराच्या दिवशी एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावाहून दोघं जण आले होते. एक चाळिशीचा, दुसरा सत्तरीच्या पुढचा म्हातारा, त्याचा बाप. मुलगा दाढीला खुर्चीवर बसला, म्हातारा बेंचवर माझ्या शेजारी. मुलाच्या कानाखाली मस होता. वासुदेवभाऊंनी हजेरी घेतली, फेस लावला, वस्तरा गालावरून उतरून कानाखाली आला, तसा म्हातारा उठून उभा राहिला. त्यानं दोन्ही हात जोडले.

"हळू, भाऊ," तो म्हणाला. "माहा बाप हाय तो."

आम्ही चक्रावलो. मग म्हाताऱ्यानं सांगितलं. त्याच्या वडिलांना कानाखाली याच जागी मस होता. ते गेले आणि वर्षाच्या आत हा मुलगा झाला, तो ही खूण घेऊनच. त्यांच्याकडे असं मानतात की गेलेलं माणूस घरात परत येतं आणि ओळख पटावी म्हणून खूण आणतं. म्हाताऱ्यानं या मुलावर आयुष्यात कधी हात उगारला नव्हता. रागवायचं झालं तरी आधी मनात माफी मागायचा, म्हणाला. मुलगा फेसाच्या तोंडानं आरशात मान खाली घालून बसला होता.

वासुदेवभाऊंनी वस्तरा बाजूला ठेवला, हात धुतले आणि पुन्हा घेतला. ती दाढी त्यांनी केली तशी मी आजवर पाहिली नाही. दोघं गेल्यावर ते बराच वेळ पट्ट्यावर वस्तरा फिरवत राहिले. मग आमच्याकडे न पाहता म्हणाले, "ज्या दिवशी माह्या हातानं कोनाचा मस कापला जाईन, त्या दिवशी वस्तरा खाली ठेवीन. मंग नाई उचलणार."

आणि आम्हाला ठाऊक होतं की हा माणूस उगाच बोलत नाही. बायको जाऊन त्यांना सहा वर्षं झालेली, मुलगी आरमोरीला दिलेली. घरी भिंतींशी बोलावं लागतं म्हणून सकाळी सातलाच सलून उघडणारा माणूस तो. वस्तरा खाली ठेवला तर त्यांनी दिवस काढायचा कुठे?

* * *

त्यानंतर चार-पाच वर्षांनी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला.

आम्हाला आधी कळलंच नाही. मी दारातून आत आलो की ते "या, बसा" म्हणायचे, परक्या गिऱ्हाइकाला म्हणावं तसं. मग हजेरीचं बोट माझ्या ओठाच्या कडेला टेकलं की एकदम म्हणायचे, "अरे, किशोर हायेस होय!" आम्ही हसायचो. म्हातारपणात माणूस मस्करी करायला लागतो, असं वाटायचं.

मग एका सकाळी त्यांनी माझा हनुवटीवरचा मस कापला.

दुखलं असं फार नाही. आरशात पाहिलं तर पांढऱ्या फेसातून लाल ओघळ गळ्याकडे निघालेला. बेंचवर नामदेवभाऊ आणि आमच्यातलाच मसवाला शिंपी गजानन होते, त्यांनीही पाहिलं. एरवी खुर्चीवरचा गप्प असतो आणि बेंच बोलतं. त्या दिवशी बेंचही गप्प झालं. वासुदेवभाऊंना ओघळ दिसत नव्हता, पण हात थबकला होता. "लागला का?" त्यांनी विचारलं.

"नाई, भाऊ," मी म्हणालो.

टॉवेल ओढून मी हनुवटी दाबून धरली. सर्दी झाल्यासारखं नाक पुसत बाहेर पडलो आणि शेजारच्या पानठेल्यामागे जाऊन चुना लावला. चुना झोंबला, की आणखी कशानं ते माहीत नाही, पण डोळ्यांत पाणी आलं.

त्या आठवड्यात त्या दोघांना घेऊन मी बसलो. सांगायचं कोणी? सांगितलं की सलून बंद. डोळे दाखवून या म्हटलं तरी तेच, कारण का म्हणून विचारतील. मग तिघांच्या शपथा झाल्या. दाढी इथेच करायची, आणि कोणाचाही मस कापला गेलेला नाही.

* * *

गजाननला त्यावर अक्कल सुचली. बेंचवर आमच्यापैकी एकानं कायम बसायचं, आणि वस्तरा मसाजवळ आला की खोकायचं. खोकला ऐकला की वासुदेवभाऊंचा हात आपोआप हलका व्हायचा. का होतो, हे आम्ही विचारलं नाही. दोन-तीन महिने हे छान चाललं. गिऱ्हाइकाला चहा मिळो न मिळो, खोकणारा मिळायचा.

एकदा धानाच्या चुरण्यांच्या, म्हणजे मळणीच्या, दिवसांत गजाननला खरोखरचा खोकला झाला. छातीत कफ, पाच मिनिटं चैन नाही. आणि तो खोकणारा म्हणून बेंचवर, खुर्चीवर नामदेवभाऊ, ज्यांना मुळी मसच नाही! गजानन खोकला की वस्तरा थांबे. वासुदेवभाऊ बोटानं चाचपत, काही सापडेना, पुन्हा सुरू करत, की पुन्हा खोकला. अर्ध्या गालाला पाऊण तास लागला. शेवटी नामदेवभाऊ फेसासकट उठले आणि गजाननला दंडाला धरून रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात सोडून आले.

पण नुसत्या खोकल्यावर किती निभावणार? गजाननला दोनदा लागलं. मला आणखी तीनदा. दर वेळी तोच प्रश्न, "लागला का?" आणि दर वेळी तेच उत्तर.

* * *

मग एके दिवशी, आम्ही कोणी काही न बोलता, वासुदेवभाऊ म्हणाले की उद्यापासून दुकान बंद, डोळ्याच्या ऑपरेशनला जातो. मुलगी येऊन घेऊन गेली. महिना-दीड महिना कुलूप होतं. आम्ही तिघं जबड्यावर रान माजवून फिरत होतो. दुसरीकडे जाऊन बसणं बरं दिसलं नसतं.

दुकान उघडलं त्या सकाळी सातलाच आम्ही बेंचवर हजर. वासुदेवभाऊंनी काळा चष्मा काढला आणि एकेकाकडे पाहिलं. इतक्या दिवसांनी त्यांनी चेहरा पाहिला होता, पण ते हसले नाहीत. मला उजेडात बोलावून हनुवटी वर केली. बोट लावलं नाही, नुसतं पाहिलं.

"चार," ते म्हणाले. मग गजाननकडे वळले. "तुहे दोन."

गजानन काहीतरी बोलायला गेला, त्यांनी हातानं थांबवलं. "डोळे गेले होते, बोटं नाई गेली होती. पुढच्या खेपेले खपली लागे हाताले." एवढंच.

मग ते फळीकडे वळले आणि डब्या उतरवायला लागले. झाकणावरची नावं वाचून एक गजाननच्या हातात दिली, एक नामदेवभाऊंच्या, एक माझ्या. जशी गेलेल्या माणसाच्या घरी नेऊन देतात, तशीच, दोन्ही हातांनी. नामदेवभाऊ रडायलाच लागले. मेल्याचा दाखला आता हातात दिला का म्हणून विचारू लागले.

मला काय सुचलं कोण जाणे. फळीच्या टोकाला एक डबी होती, त्यांची स्वतःची. ती मी खाली घेतली.

"भाऊ, बसा खुर्चीवर."

"काऊन?"

"दाढी वाढली तुमची. ऑपरेशनपासून पानी लागलं नाई तोंडाले."

ते खुर्चीवर बसले. आयुष्यभर त्या खुर्चीमागे उभा राहिलेला माणूस पहिल्यांदा तिच्यात बसला. त्यांनाही एक मस आहे, खालच्या ओठाखाली. मी बोट टेकवलं. "एक. हजर." फेस केला, लावला, वस्तरा उघडला. दोन्ही गाल झाले, गळा झाला. मग कातडी अंगठ्यानं ताणली आणि ओठाखाली आलो. बेंचवरून कोणी खोकलं नाही.

फेसातून लाल ओघळ निघाला आणि हनुवटीवरून खाली उतरला. समोर आरसा होता, सकाळचं ऊन थेट त्यावर आणि वासुदेवभाऊंचे डोळे नव्यासारखे स्वच्छ. आम्ही चौघंही तोच ओघळ पाहत होतो.

"लागला का, भाऊ?" मी विचारलं.

त्यांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं.

"नाई," ते म्हणाले.

मग उठले, तोंड धुतलं, ओठाखाली तुरटी दाबून धरली. आमच्या हातांतल्या डब्या एकेक करून परत घेतल्या आणि फळीवर जिथल्या तिथे लावल्या. खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि बेंचकडे वळून म्हणाले, "चला, कोनाचा नंबर हाय?"